येतो म्हणणारा कासार

एका राज्यात केरबा नावाचा एक कासार राहत होता. त्या राज्याचे नाव काय, असे म्हातारपणी त्याला कुणी विचारले तर तो घुटमळे. राजवाड्याच्या पायऱ्या काळ्या पाषाणाच्या होत्या की नुसत्या शेवाळून काळ्या पडल्या होत्या, हेही त्याला नक्की सांगता येत नसे. "मला आठवतं तसं घडलं, की माझ्या मनानं ते मागाहून रचलं, कोण जाणे," असे तो म्हणे. आणि तरीही सांगू लागे. ती कथा अशी.

त्या राज्याचा राजा भद्रसेन आणि राणी चारुमती. त्यांना कलिका नावाची एकुलती एक मुलगी. आश्विन महिन्यात कलिका तापाने अंथरुणाला खिळली. राजवैद्य हरले, ज्योतिषी हरले. तेव्हा एके सकाळी गिरजाई नावाची मांत्रिकीण झाडपाल्याची पाटी डोक्यावर घेऊन डोंगरावरून खाली उतरली. राजवाड्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "औषध घ्या, राणीसाहेब."

राणीचे डोळे जागून जागून सुजले होते. आधीची सगळी औषधे तिने आपल्या हाताने पोरीच्या घशाखाली उतरवली होती, आणि प्रत्येक औषधाने पोर अधिकच कण्हली होती. ती म्हणाली, "नको."

गिरजाईने पाटी उचलली आणि एक शब्दही न बोलता ती चालती झाली. त्याच संध्याकाळी कलिका गेली.

बातमी डोंगरावर पोचली तशी गिरजाई पुन्हा खाली आली. अंगणात उभी राहून तिने हात वर केला. "राणी, आजपासून तुझ्या तोंडी एकच शब्द राहील, नको. आणि तुझं नको ऐकून जो जाईल, तो पाखरू होऊन जाईल."

तसेच झाले. रेशमाचा व्यापारी राणीचे मन रमवायला पैठण्या घेऊन आला. राणी म्हणाली, "नको." व्यापारी म्हणाला, "बरं, जातो," आणि उंबरठा ओलांडता ओलांडता त्याचा पारवा झाला. राणीचा सख्खा भाऊ आला. म्हणाला, "ताई, दोन घास खा." राणी म्हणाली, "नको." तो डोळे पुसत म्हणाला, "मग मी जातो," आणि त्याचा हुदहुद झाला. वाड्यासमोरची झाडे पाखरांनी भरली. ज्याच्या तोंडचा जो शेवटचा शब्द, तेवढाच त्याच्या चोचीत राहिला होता. दिवसभर झाडांवरून ऐकू येई, जातो, जातो, जातो.

हळूहळू ती भीती साऱ्या राज्यात झिरपली. लोकांना वाटू लागले, नकार ऐकणे हेच मुळी अशुभ. मग लोक मागायचेच बंद झाले. कुंभार मडकी घेऊन बाजारात बसे, पण 'घ्या' म्हणत नसे. मुलाचा बाप मुलीच्या बापाच्या ओट्यावर बसे, पाणी पिई आणि विषय न काढताच उठे. बाजार भरे, आणि कुणी काही न बोलता उठून जाई.

राजाने दवंडी पिटवली. राणीला जो कुणी एखादी वस्तू घ्यायला लावील, तो मागेल ते त्याला मिळेल.

आता केरबाची गोष्ट. केरबा हा काही मोठा कासार नव्हे. मोठी होती ती त्याची बायको, सगुणा. बांगड्यांची पेटी तिच्या डोक्यावर असली की दारे आपोआप उघडत. ती बाईचा हात हातात घेई, हलकेच दाबून मऊ करी, आणि बाईला कळायच्या आत मनगटभर बांगड्या भरून मोकळी होई. केरबा मात्र दारात उभा राही, घसा खाकरी, आणि घरातून आवाज येई, "आज नको हो." तो मान हलवून म्हणे, "बरं, येतो," आणि पुढच्या दाराशी जाऊन उभा राही.

सगुणा त्याला हसे. "तुम्ही दारात उभे राहता ते नकार घ्यायलाच. बायका तुमची वाट बघत असतील, कधी एकदा नको म्हणायला मिळतंय."

"एखादी घेते की."

"घेते. कीव येते म्हणून घेते."

कासाराच्या धंद्यात शब्द जपावे लागतात. बांगडी फुटली तरी 'फुटली' म्हणायचे नाही, 'वाढली' म्हणायचे. दारातून निघताना 'जातो' म्हणायचे नाही, 'येतो' म्हणायचे. सौभाग्याची वस्तू विकणाऱ्याने सवाष्णीच्या दारात 'जातो' म्हणणे म्हणजे मोठेच अभद्र. हे सगुणाला केरबाहून चांगले ठाऊक होते.

कार्तिकात ती राजवाड्यात गेली. केरबा नको नको म्हणत होता. ती म्हणाली, "राणीचे हात मोकळे आहेत म्हणतात. नवरा जिवंत असताना मोकळे हात! मी भरीन. माझ्याकडून नाही घेतल्या तर कुणाकडून घेणार?" आणि पेटी डोक्यावर घेऊन निघाली.

राणी तिला "नको" म्हणाली. सगुणाला उभ्या आयुष्यात कुणा गिऱ्हाइकाने नको म्हटले नव्हते. नकार ऐकल्यावर चेहऱ्याचे काय करायचे, हातांचे काय करायचे, हेच तिला माहीत नव्हते. तिचे कान लाल झाले. पेटी बंद करून ती फणकाऱ्याने म्हणाली, "जाते मग!" उंबरठ्यावर तिची साळुंकी झाली. पेटी तिथेच राहिली. साळुंकी रानाच्या दिशेने उडून गेली.

केरबाने तो सगळा हिवाळा झाडांखाली काढला. साळुंकी दिसली की हाक मारी, "सगुणे!" कुठलीच साळुंकी त्याच्याकडे वळून बघत नसे. रोज सकाळी तो ठरवी, आज राजवाड्यात जायचे. रोज काहीतरी निघे. आज थंडी फार आहे. आज पेटीची कडी तुटली आहे. तो मनाने भित्रा होता, आणि आपण भित्रे आहोत हे त्याला माहीत होते, त्यामुळे तो आणखी भिई.

चैत्र लागला, झाडांना पालवी फुटली, तेव्हा एके दुपारी तो आपली पेटी घेऊन निघाला आणि राजवाड्याच्या पायऱ्या चढला.

दारावर दौलती नावाचा पहारेकरी होता. त्याने केरबाला खालून वर न्याहाळले. "कासारा, कोण व्हायचं ठरवलंयस? कावळे बरेच झालेत, तेवढा कावळा होऊ नकोस बाबा."

"जे होईन ते होईन. आत सोडा."

राणी गवाक्षापाशी बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. केरबाने पेटी उघडली. त्याच्याकडे होते ते सगळे त्याने मांडले, हिरवा चुडा, राजवर्खी, मोरपंखी. मोठ्या आवाजात तो काचेची तारीफ करू लागला. ही भट्टी कुठली, हा रंग कसा उतरला, अशी बांगडी दुसरीकडे मिळायची नाही. बोलता बोलता त्याला घाम फुटला.

राणी म्हणाली, "नको."

केरबाने घाईघाईने बांगड्या गोळा केल्या. तोंडातून सवयीने निघाले, "बरं, येतो." तो उंबरठ्याबाहेर आला, डोळे मिटून उभा राहिला आणि वाट पाहू लागला. काहीच झाले नाही.

दौलती जवळ आला. त्याने केरबाच्या पाठीवरून हात फिरवून पंख फुटलेत का ते चाचपले. "काय म्हणालास आत?"

"काही नाही. येतो म्हटलं."

दौलती हळूच म्हणाला, "शाप जाणाऱ्याला आहे. तू गेलासच कुठे? तू येणार आहेस. लेका, आता मात्र आलंच पाहिजे. नाही आलास तर तू गेलास असाच हिशेब होणार."

केरबा घरी आला. साध्या काचेने भागणार नाही, असे त्याला वाटले. त्या राज्याच्या वेशीबाहेर एक कोरडी बारव होती, आणि तिच्या तळाशी एक नाग शापित धन राखत बसला होता, हे सर्वांना माहीत होते. केरबा पायऱ्या उतरून खाली गेला.

नाग म्हणाला, "काय हवे?"

"राणी घेईल अशा बांगड्या."

"आहेत. माणकांच्या आहेत. ज्या हातात चढतील त्या हाताचे दुःख पुसून टाकतील."

"आणि त्यांचा शाप?"

"ज्याच्यासाठी दुःख होते, त्यालाही पुसून टाकतील. मोबदला दे."

"माझ्याकडे काय आहे?"

"तुझी हाळी आहे," नाग म्हणाला. "गल्लीत शिरताना देतोस ती."

केरबाने हाळी देऊन टाकली. "बांगड्या घ्या, बांगड्या" ही ओळ त्याच्या गळ्यातून निघून बारवेच्या तळाशी जाऊन पडली. त्यानंतर त्याला बोलता येई, पण ती ओळ म्हणता येत नसे. म्हणायला गेला की तोंड उघडे राही आणि आत नुसता वारा वाजे.

दुसऱ्या खेपेला तो माणकांच्या बांगड्या घेऊन राणीपुढे बसला. या वेळी त्याने मालाची तारीफ केली नाही. आपले रडगाणे गायले. "राणीसाहेब, माझी बायको पाखरू झाली आहे. तुम्ही एवढ्या घेतल्यात तर ती मला परत मिळेल. माझ्यासाठी घ्या. या घाला, आणि तुम्हाला राजकन्येची आठवणसुद्धा राहणार नाही."

राणीने त्याच्याकडे पाहिले. अशा नजरेने पाहिले की केरबाला आपण काय बोललो ते कळले. ती ओरडली, "नको!" त्या आवाजाने बांगड्यांतली माणके तडकली आणि त्यांचे कोळसे झाले.

"येतो," केरबा कसेबसे म्हणाला.

पण घरी येऊन तो भिंतीला टेकून बसला आणि मनाशी म्हणाला, पुरे. दोनदा गेलो. पोटच्या पोरीला विसर, असे त्या बाईला सांगून आलो. पुन्हा कोणत्या तोंडाने जाऊ? आता नाही जायचे.

एवढे मनात आले मात्र, त्याच्या डाव्या मनगटावर एक करडे पीस उगवले. त्याने ते उपटले. तिथे दोन उगवली.

केरबाने बाही खाली ओढली आणि तो उठला. जायचे तर होतेच. पण काय घेऊन? त्याने पेटी घेतली आणि डोंगराची वाट धरली.

गिरजाई आपल्या खोपटाबाहेर सुकलेल्या पाल्याच्या ढिगाशी बसली होती. ती औषध विकायला पुन्हा कधीच खाली उतरली नव्हती.

"बाई, शाप मागे घे," केरबा म्हणाला.

"घेता आला असता तर इथे बसून राहिले असते का? माझ्या तोंडून सुटला, तो आता माझा राहिला नाही."

"तुझं औषध खरं होतं?"

"ताप उतरवणारं होतं. तिचा उतरला असता का, ते आता कुणालाच कळायचं नाही. मलाही नाही." तिने पाल्यातली एक काडी उचलून मोडली. "मी एकदा विचारलं. दुसऱ्यांदा नाही विचारलं. माझा अपमान झाला ना! मी त्याच्याकडेच बघत बसले. तिच्या तोंडाकडे बघितलं असतं तर कळलं असतं, ते नको औषधाला नव्हतंच."

"मग कशाला होतं?"

"आणखी एकदा आशा करायला."

केरबा उठला. "येतो, बाई," म्हणाला. गिरजाईने मान वर केली नाही.

तिसऱ्या खेपेला दौलतीने काहीच थट्टा केली नाही. केरबाच्या बाहीतून पिसे डोकावत होती, ती त्याने पाहिली आणि नुसते दार उघडले.

राणी गवाक्षापाशीच होती. केरबा जमिनीवर बसला. पेटी त्याने उघडली नाही. हाळी तर त्याच्याकडे नव्हतीच. बाहेर झाडांवर पाखरे बोलत होती, जातो, जातो. राणीच्या दोन्ही हातांच्या मुठी मांडीवर आवळलेल्या होत्या. केरबा त्या मुठींकडे बघत राहिला. जगात ज्याला त्याला त्या मनगटांत काहीतरी भरायचे होते, असे त्याच्या मनात आले. त्यालाही भरायचे होते.

मग तो म्हणाला, "राणीसाहेब, कलिकाबाईंच्या हाताचं माप काय होतं?"

ते नाव त्या वाड्यात कुणी उच्चारत नसे. दासी दाराआड थिजल्या. राणीचे ओठ हलले. तिला काहीतरी सांगायचे होते, पण तिच्याकडे एकच शब्द होता आणि तो इथे उपयोगाचा नव्हता. ती धडपडली. मग तिने उजवा हात उचलला, अंगठ्याला तर्जनी टेकवली आणि ते कडे त्याच्यापुढे धरले. एवढे.

केरबाने त्या बोटांच्या कड्याकडे नीट पाहिले. पेटी उघडून त्याने लहान मापाच्या बांगड्यांची माळ काढली. ती बोटे आणि ती काच ताडून पाहिली. "ह्या जरा मोठ्या होतील," असे म्हणून त्याने ती माळ ठेवली, दुसरी काढली. "लाल आवडायच्या की हिरव्या?" राणीने लाल माळेवर बोट ठेवले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि कलिका गेल्यापासून ते पहिलेच पाणी होते.

केरबाने लाल बांगड्या माळेतून सोडवल्या आणि तिच्या मांडीवर ठेवल्या. राणीने त्या दोन्ही हातांनी झाकल्या. ती नको म्हणाली नाही.

केरबाने पेटी आवरली. उठला, आणि उंबरठ्याशी जाऊन म्हणाला, "येतो, राणीसाहेब."

आता त्या मुलखात येतो म्हणणाऱ्याला नको म्हणायची रीत नव्हती. आजवर कुणी म्हटले नव्हते. आधीच्या दोन्ही खेपांना राणीच्या तोंडी आधीच नको येऊन बसले होते, आज ते नव्हते. येतो म्हटले की घरच्याने काय म्हणायचे, हे लेकराला बोलायला येते तेव्हाच अंगात मुरते, शापाहून खोल मुरते. राणी बांगड्यांवरची नजर न काढता म्हणाली, "या."

एकाच शब्दाच्या त्या तोंडात दुसरा शब्द आला, आणि शाप तुटला.

झाडांवरची पाखरे माणसे झाली आणि फांद्या मोडून धबाधब खाली पडली. रेशमाचा व्यापारी दौलतीच्या अंगावर पडला आणि उठायच्या आधीच पैठण्यांची चौकशी करू लागला. राणीचा भाऊ लंगडत आत धावला. "ताई," तो म्हणाला, आणि राणीने त्याला पोटाशी धरले. भद्रसेन राजा दारात येऊन उभा राहिला. राणी त्याला म्हणाली, "तिचं नाव घ्या. तुम्ही पण घ्या." बाजारात कुंभाराने तोंड उघडले आणि म्हणाला, "घ्या." शेजारच्या तेलिणीने "नको" म्हटले, आणि तो खदखदून हसला.

केरबाच्या मनगटावरची पिसे गळून पडली. तो झाडाखाली जाऊन उभा राहिला. पडलेल्या माणसांत त्याने सगुणाला शोधले. ती नव्हती.

राजा म्हणाला, "माग."

"माझी बायको."

राजाने चारी दिशांना घोडेस्वार पाठवले. जी पाखरे लांब उडून गेली होती ती जिथे होती तिथे माणसे झाली होती, आणि कुणी महिन्याने तर कुणी वर्षाने घरी चालत आले. म्हणून केरबाने आशा सोडली नाही. वाट पाहून जीव टांगणीला लागला तेव्हा त्याने पेटी डोक्यावर घेतली आणि तो गावोगाव फिरू लागला. हाळी देता येत नसे, म्हणून दारात उभा राहून हातातल्या बांगड्या किणकिणवी. बाई बाहेर आली की आधी विचारी, "सगुणा नावाची कासारीण कधी आली होती इकडे?" बाई म्हणे, "नाही बाबा." केरबा म्हणे, "बरं, येतो." आणि पुढच्या सणाला तो खरोखरच त्या दारात येई. बायका त्याची वाट पाहू लागल्या. त्याच्या हातून बांगड्या भरल्याशिवाय त्या मुलखात लग्न लागेनासे झाले. व्यापारी आपल्या मुलांना बोटाने दाखवीत, "तो बघ केरबा. नकार ऐकावा तर असा ऐकावा." तरणे विक्रेते त्याच्याकडे येत, गुपित विचारत. केरबा ओशाळून म्हणे, "गुपित कसलं? मी तिला शोधतोय. बांगड्या वाटेत खपतात."

असा तो म्हातारा झाला.

पुष्कळ वर्षांनी, शेजारच्या राज्यात, नदीकाठच्या एका वस्तीत त्याला हणमा नावाचा एक थकलेला माणूस भेटला. तारुण्यात तो पाखरे धरून विकत असे. केरबाने नेहमीचा प्रश्न विचारला. हणमा म्हणाला, "कासारीण नाही आली कधी. पण मी एकदा एक साळुंकी धरली होती. दुसरं काही बोलायचीच नाही. जाते मग, जाते मग. फणकारा असा की पिंजऱ्याबाहेर मीच चोर उभा आहे असं वाटावं."

"मग?"

"विकली गेली नाही. त्या थंडीत मेली."

केरबाला ते खरे वाटेना. तो हणमाच्या बायकोकडे गेला आणि तिला वेगळे गाठून तेच विचारले. ती म्हणाली, "हो, मीच पुरली तिला, त्या बोरीखाली. दाणा टाकला तर चोचीनं बाजूला सारायची." थंडी कोणत्या वर्षाची, हे त्याने दोघांनाही पुन्हा पुन्हा विचारले. ते शेजारच्या राज्यातले असले तरी त्यांना पक्के आठवत होते, कारण तुमची ती लहानगी राजकन्या गेली त्याच वर्षाची थंडी, असे दोघेही म्हणाले.

साळुंकी मेली तो पौष महिना होता. केरबा राजवाड्याची पायरी पहिल्यांदा चढला, तो त्यानंतरच्या चैत्रात.